दुसरी प्रत

मुंबईकडून सुरतेला जाणारी गाडी सचिन स्थानक मागे टाकून पुढे निघाली की उधन्याच्या आधी भेस्तान लागते. एके काळचे हे खेडे आज सुरत शहराच्या पोटात सामावले आहे. यंत्रमागांचा खडखडाट आणि रंगशाळांच्या धुराड्यांचा धूर हीच या पट्ट्याची ओळख. उधन्याहून जळगावकडे तापी खोऱ्याचा लोहमार्ग जातो. त्याच मार्गाने गेल्या कित्येक दशकांत खानदेशातील असंख्य कुटुंबे पोटापाण्यासाठी येथे आली आणि येथलीच झाली. म्हणूनच या वस्तीत गुजरातीच्या बरोबरीने मराठी आणि अहिराणीही कानी पडते.

अशाच एका मागशाळेत धुळ्याकडचे एक वयस्क कारागीर आणि त्यांच्या हाताखाली काम शिकणारा एक मुलगा यांचे बोलणे चालले आहे, असे क्षणभर कल्पावे. जुन्या जॅकार्ड मागावर वस्त्रातील नक्षी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत साठवलेली असते. कोणत्या वेळी कोणता ताणा वर उचलायचा, हे ती भोकेच ठरवितात. मुलाला फळीवर तशीच एक जादा माळ सापडते.

“आप्पा, ही माळ तर मागावर आहेच. मग ही दुसरी टाकून देऊ का?”

“नको रे पोरा. मागावर एकच माळ असली तर तिला हात लावायची छाती होत नाही. एक भोक चुकले की सगळा ताका वाया. दुसरी प्रत फळीवर आहे, म्हणूनच नवी नक्षी करून पाहता येते.”

आप्पांच्या या साध्या उत्तरात जीवशास्त्रातील एक मोठा सिद्धान्त दडलेला आहे. संध्याकाळी पाळी सुटल्यावर हेच आप्पा बाजारातून रोहू किंवा कटला घेऊन घरी जातील. त्या माशाच्या प्रत्येक पेशीत अशाच दुसऱ्या प्रतींचा एक प्राचीन संग्रह जपलेला असतो, ही गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानीमनीही नसेल.

प्राण्याच्या शरीराची नक्षी ज्या सूचनांनी ठरते त्या सूचना म्हणजे जनुके. पेशीच्या केंद्रात गुणसूत्रे असतात आणि त्या गुणसूत्रांवर जनुके ओळीने मांडलेली असतात. एखाद्या जीवाच्या सर्व जनुकांचा आणि त्यांना धारण करणाऱ्या द्रव्याचा मिळून जो साठा होतो त्याला जनुकसंच म्हणावे. पुष्कळ जनुके एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की ती एकाच मूळ जनुकापासून निघाली असावीत, याविषयी शंका उरत नाही. एका आडनावाची घरे गावोगाव विखुरलेली असावीत, चेहरेपट्टी सारखी असावी, पण एक घर शेती करणारे, दुसरे सुतारकाम करणारे आणि तिसरे शिक्षकी पेशातले असावे, तसा हा प्रकार आहे. अशा जनुकसमूहांना ‘जनुककुले’ म्हणतात. रक्तातील प्राणवायू वाहणारी प्रथिने, डोळ्यांत प्रकाश टिपणारी प्रथिने, वाढीचे नियमन करणारी संप्रेरके, या सर्वांमागे अशी जनुककुले आहेत. मग प्रश्न असा की, एका जनुकाची इतकी घरे झाली कशी?

या प्रश्नाच्या उत्तराची चाहूल १९३० च्या दशकातच लागली होती. जे. बी. एस. हाल्डेन या थोर ब्रिटिश शास्त्रज्ञाने जनुकाची जादा प्रत असेल तर तीत बदल होऊनही जीवाला अपाय होणार नाही, आणि अशा प्रतीतूनच नवे काही उद्भवू शकेल, असे सुचविले होते. हाल्डेन १९५७ साली भारतात आले, पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्व पत्करले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे त्यांचा देहान्त झाला. या विचाराला ग्रंथरूप व्यवस्थित बैठक मिळाली ती १९७० साली. सुसुमु ओनो या जपानी वंशाच्या शास्त्रज्ञाने जनुकांच्या द्विगुणनातून होणाऱ्या उत्क्रांतीवर एक संपूर्ण पुस्तकच लिहिले. त्यांच्या मते निसर्गाची निवड ही मूलतः मोठी सनातनी आहे. चालू कामात बिघाड करणारा प्रत्येक बदल ती निर्दयपणे छाटून टाकते. त्यामुळे एकुलत्या एका जनुकाला आपले जुने काम सोडून नवे काम धरण्याची मुभाच नसते. दुसरी प्रत निर्माण झाली की हे बंधन सैल होते. एक प्रत घराचा गाडा ओढते आणि दुसरीला उंबरठ्याबाहेर पाऊल टाकता येते. आप्पांचे उत्तर याहून निराळे कोठे होते?

जनुकाची प्रत होण्याच्या रीती दोन. पहिलीत गुणसूत्राचा लहानसा तुकडा चुकून दोनदा उतरला जातो आणि एखाददुसरे जनुक जोडीने शेजारी येऊन बसते. माशांच्या डोळ्यांतील रंग ओळखणाऱ्या जनुकांचे कुल बरेचसे अशा शेजारी प्रतींनी वाढले आहे. माणसाच्या डोळ्यात रंग टिपणारी तीन प्रकारची प्रथिने असतात, तर आपल्याकडच्या नद्यानाल्यांतील चिमुकल्या झेब्रामाशात ती आठ आहेत. दुसरी रीत याहून फार धाडसी आहे. तीत एखादे जनुक नव्हे, तर संपूर्ण जनुकसंचच दुप्पट होतो. पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रे दुप्पट होतात खरी, पण त्यांची वाटणी व्हायची राहून जाते. कधी दोन भिन्न जातींच्या संकरातून जन्मलेल्या जीवात असे घडते. त्याच्या गुणसूत्रांना अनुरूप जोडीदार मिळत नाही. अशा वेळी सगळाच संच दुप्पट झाला, तर प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार मिळतो आणि वंश पुढे चालू शकतो.

येथे एक शंका स्वाभाविकपणे येते. एका जनुकाची जादा प्रतही कित्येकदा घातक ठरते, मग सगळीच जनुके दुप्पट झाल्यावर जीव जगतो कसा? याचे उत्तर प्रमाणात आहे. पेशीतील कित्येक यंत्रे अनेक प्रथिने ठरावीक प्रमाणात एकत्र येऊन बनतात. वरणात मीठ तेवढे दुप्पट घातले तर ते तोंडात धरवणार नाही. पण डाळ, पाणी, मीठ, हळद सगळेच दुप्पट घेतले तर वरण बिघडत नाही, फक्त पातेले मोठे लागते. म्हणूनच ज्या जनुककुलांतील घटकांना परस्परांशी तोल सांभाळावा लागतो, विशेषतः इतर जनुकांवर हुकूमत चालविणारी जनुके, ती संपूर्ण द्विगुणनानंतर जोडीने टिकून राहण्याची शक्यता अधिक असते. तोल साधला की दोघे टिकतात, एकच गळाले तर तोल जातो.

पृष्ठवंशीय प्राण्यांच्या इतिहासात असे संपूर्ण द्विगुणन अगदी आरंभीच्या काळात, म्हणजे सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास, दोनदा झाले, असे आज मानले जाते. त्या दोन घटनांचा वारसा माणसाकडेही आहे. परंतु आपल्या ताटात येणारे बहुतेक मासे ज्या शाखेचे आहेत, त्या पूर्णास्थी माशांच्या पूर्वजात, सुमारे बत्तीस ते पस्तीस कोटी वर्षांपूर्वी, आणखी एक द्विगुणन घडले. रोहू, कटला, पापलेट, सुरमई, बोंबील, बांगडा हे सारे त्या एकाच पूर्वजाचे वंशज होत. या शाखेत आज तीस हजारांहून अधिक जाती आहेत. पृथ्वीवरील पृष्ठवंशीय प्राण्यांच्या जातींपैकी जवळजवळ निम्म्या जाती या एका शाखेत भरतात.

कोट्यवधी वर्षांपूर्वीची ही घटना आज कळते कशी? तिचे पुरावे तीन ठिकाणी सापडले. पहिला पुरावा शरीराचा आराखडा ठरविणाऱ्या ‘हॉक्स’ नावाच्या जनुककुलात मिळाला. गर्भावस्थेत डोके कोठे, पाठ कोठे, शेपटी कोठे हे ही जनुके ठरवितात आणि ती गुणसूत्रावर गटाने एका ओळीत असतात. समुद्राच्या वाळूत राहणाऱ्या, पाठीचा कणा नसलेल्या आणि तरीही आपल्या दूरच्या नात्यातल्या ‘अँफिऑक्सस’ या प्राण्यात असा एकच गट आहे. माणसात चार गट आहेत, म्हणजे एकाचे दोन, दोनाचे चार. झेब्रामाशात असे सात गट आढळल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झाले. चाराचे आठ व्हावेत आणि त्यांतील एक काळाच्या ओघात गळावा, असा हा हिशेब सरळ जुळतो. आणखी मौज अशी की, किनाऱ्यावर ज्याला केंड म्हणतात त्या फुगणाऱ्या माशाच्या गोत्रातही सातच गट आहेत, पण गळालेला गट वेगळा आहे. आठाचा वारसा दोघांनाही मिळाला, पण पुढे प्रत्येकाने आपापल्या परीने एक गमावला.

दुसरा पुरावा याच केंडाच्या गोत्रातील एका माशाच्या संपूर्ण जनुकसंचाने २००४ साली दिला. माणसाच्या गुणसूत्राचा एकेक भाग घेऊन पाहावा, तो त्याची जनुके माशाच्या दोन वेगवेगळ्या गुणसूत्रांवर जणू कातरून वाटलेली दिसतात. तिसरा पुरावा २०१६ साली उत्तर अमेरिकेतील ‘गार’ या लांब जबड्याच्या माशाने पुरविला. गारची शाखा या तिसऱ्या द्विगुणनाच्या आधीच वेगळी झाली होती. त्यामुळे त्याच्या जनुकसंचात ही दुप्पट दिसत नाही. माणूस आणि झेब्रामासा यांच्या मध्ये तो एखाद्या दुभाष्यासारखा उभा राहिला. अमुक मानवी जनुकाची माशातील जोडी कोणती, हे ओळखणे त्याच्यामुळे पुष्कळ सोपे झाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. घरात प्रत्येक वस्तू दोन दोन झाल्यावर पुढे काय होते? प्रतीच्या नशिबी तीनच वाटा असतात.

पहिली वाट नाशाची, आणि ती सर्वांत रुळलेली. जादा प्रतीवर कोणाचा पहारा नसतो. तिच्यात चुका साचत जातात, एके दिवशी ती वाचता येईनाशी होते आणि शेवटी पुसली जाते. तिसऱ्या द्विगुणनात मिळालेल्या जोड्यांपैकी बहुतेकांची अशीच वाट लागली. झेब्रामाशात आज ढोबळमानाने पाचव्या ते चौथ्या हिश्श्याएवढीच जनुके त्या जोडीच्या रूपात उरली आहेत. दुप्पट होणे म्हणजे दुपटीने श्रीमंत होणे नव्हे. वारसा मिळणे वेगळे आणि तो टिकवणे वेगळे.

दुसरी वाट नव्या उद्योगाची. तिचे देखणे उदाहरण विजेचे मासे. स्नायूंच्या पेशींच्या पापुद्र्यात सोडियमचे कण आत घेणारी सूक्ष्म दारे असतात आणि ती उघडली की स्नायू आकुंचन पावतो. या दाराचे जनुक इतर पृष्ठवंशीयांच्या स्नायूंत एकच असते, पण पूर्णास्थी माशांत तिसऱ्या द्विगुणनामुळे त्याच्या दोन प्रती आहेत. दक्षिण अमेरिकेच्या नद्यांतील विद्युत्-मासे आणि आफ्रिकेच्या नद्यांतील विद्युत्-मासे हे एकमेकांचे जवळचे नातलग नव्हेत. तरीही दोन्हीकडे तीच एक प्रत स्नायूंचे काम सोडून वीज निर्माण करणाऱ्या अवयवात कामाला लागली आणि दुसरी प्रत स्नायूंचा भार वाहत राहिली. हे संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. दोन खंडांत, परस्परांना न कळत, दोन वंशांनी एकाच फळीवरची माळ उचलली आणि तिच्यातून सारख्याच धर्तीची नक्षी विणली!

तिसरी वाट वाटणीची, आणि ओनो यांच्या लेखनात तिला पुढे मिळाले तेवढे महत्त्व नव्हते. अमेरिकेतील संशोधकांनी १९९९ साली ती स्पष्टपणे मांडली. पुष्कळ जनुके एकाहून अधिक ठिकाणी काम करतात आणि प्रत्येक ठिकाणच्या कामासाठी वेगळी कळ असते. उंदरात ‘एनग्रेल्ड’ कुलातील एक जनुक गर्भाच्या हातापायांच्या अंकुरातही काम करते आणि मेंदू व मज्जारज्जूच्या पेशींतही. झेब्रामाशात त्याच्या दोन प्रती आहेत. एक प्रत छातीच्या पराच्या अंकुरात काम करते आणि दुसरी मेंदूच्या मागील भागात व मज्जारज्जूत. एकीची एक कळ बिघडली, दुसरीची दुसरी बिघडली. आता दोघींपैकी कोणीही गेली तरी अडते. वडिलांचे दुकान दोन भावांनी वाटून घ्यावे, एकाने धान्य पाहावे, दुसऱ्याने कापड, आणि मग एकालाही घर सोडता येऊ नये, तशी ही वाटणी आहे. यात विशेष असे की, कोणतीही प्रत थोर कर्तृत्वामुळे टिकली नाही. दोघी थोड्या थोड्या अपंग झाल्या आणि म्हणूनच एकमेकींना अपरिहार्य ठरल्या. निसर्गात टिकाव धरण्याचे हेही एक कारण असते, हे ऐकून पराक्रमाच्या कथांना सरावलेल्या मनाला नवल वाटेल.

या सर्व शोधांत ज्याचे नाव पुन्हा पुन्हा येते तो झेब्रामासा मूळचा आपल्याच देशाचा. गंगेच्या खोऱ्यातील माशांचे वर्णन करताना फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश वैद्याने १८२२ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत पोचला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम चालते. त्याचा संपूर्ण जनुकसंच २०१३ साली तपशिलाने प्रसिद्ध झाला, तेव्हा प्रथिने घडविणारी सव्वीस हजारांहून अधिक जनुके मोजली गेली. माणसाच्या जनुकांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांचे नातलग त्यात सापडले. म्हणूनच मानवी रोगांचा अभ्यास या माशावर होऊ शकतो. येथे दुसऱ्या प्रतीचे ज्ञान व्यवहारात उपयोगी पडते. संशोधकाने एखादे जनुक निकामी करून पाहावे आणि माशाला काहीच होऊ नये, तर ते जनुक निरुपयोगी आहे असा निष्कर्ष घाईचा ठरेल. कदाचित त्याची जोडीदार प्रत मुकाट्याने सगळे काम सांभाळत असेल.

आता पुन्हा आप्पांच्या पिशवीतील माशाकडे यावे. रोहू, कटला आणि मृगल यांच्या शरीरपेशींत गुणसूत्रे पन्नास असतात. महाराष्ट्रातील तळ्यांत शेतकरी ज्याला ‘सायप्रिनस’ म्हणून ओळखतात त्या परदेशी कार्प माशात ती शंभर असतात. हा मासा भारतात प्रथम १९३९ साली निलगिरीत आणला गेला आणि त्याचा दुसरा वाण १९५७ साली बँकॉकहून आला. त्याच्या पूर्वजांत सुमारे सव्वा कोटी वर्षांपूर्वी दोन भिन्न जातींचा संकर होऊन संच पुन्हा एकदा दुप्पट झाला. त्या दोन्ही पूर्वजांची जनुके आजही त्याच्या पेशीत शेजारी शेजारी नांदतात. भूगर्भाच्या कालगणनेने ही घटना अगदी अलीकडची आहे. त्यामुळे प्रती पुसल्या जाण्याचे काम अजून थोडेच झाले आहे. रोहूच्या घरात तीस-पस्तीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाटणीचे दस्तऐवज पाहावेत आणि सायप्रिनसच्या घरात वाटणी चालू असताना पाहावी, अशी ही सोय निसर्गाने करून ठेवली आहे.

शंभर गुणसूत्रांचा आणखी एक मासा आहे आणि तो परदेशी नव्हे, तर आपल्या नद्यांचा जुना धनी आहे. तो म्हणजे महसीर. नर्मदा आणि तापी या नद्यांत त्याची एक जात सापडते. दख्खनच्या महसीरची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याच्या मुळा-मुठेतील माशावरून १८३९ साली केली आणि जातीचे नाव स्थानिक बोलीतले ‘खुद्री’ हेच ठेवले. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंड येथे गावकरी देवीच्या नावाने या माशांना अभय देत आले आहेत. तेथे माशांना खाऊ घातला जातो, गळ टाकला जात नाही. नदीचा वाघ म्हणून शिकाऱ्यांनी गौरवलेला हा दांडगा मासा दुप्पट जनुकसंचाचा वारस आहे.

एवढा वारसा असूनही महसीर आज बहुतेक नद्यांतून मागे हटला आहे. त्याला स्वच्छ, वाहते, गोट्यागोट्यांवरून खळाळणारे पाणी लागते आणि अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या वर जावे लागते. तापीवर काकरापारचा बंधारा १९५४ साली झाला, उकाईचे धरण १९७२ साली पुरे झाले. या कामांनी शेतीला पाणी आणि घराला वीज दिली, पुराची धास्ती कमी केली, हे कोणी नाकारणार नाही. उकाईचे विस्तीर्ण जलाशय महाराष्ट्रात नवापूर तालुक्यापर्यंत पोचते आणि त्यात रोहू-कटल्याची मासेमारी चालते. परंतु भिंतीला ठेचकाळणाऱ्या माशाला कोटी वर्षांच्या जादा प्रती काय कामाच्या? जनुकाच्या प्रतीला नवे काम शिकण्यास लक्षावधी पिढ्या लागतात. नदीचे रूप मात्र माणसाच्या एका पिढीत पालटते. दोन्हींच्या घड्याळांत मेळ नाही, आणि खरा धोका तेथेच आहे.

दुसरा धोका मदतीच्या वाटेनेच येतो. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पोषग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावले. देशातील मत्स्यशेतीचा पाया त्या दिवशी घातला गेला आणि तो दिवस आजही मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळला जातो. पण सोय झाली की निष्काळजीपणाही शिरतो. रोहू, कटला, मृगल एकाच हौदात एकाच वेळी अंड्यांवर आणले, तर त्यांची सरमिसळ होते. गुणसूत्रांची संख्या सारखी असल्याने त्या संकरित पिल्लांचा वंश पुढेही वाढतो. अशा बीजाचे मासे नदीत सुटले की मूळ वाण पातळ होत जातो. महसीरच्या बाबतीतही असेच अनुभव आहेत. लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७० च्या दशकापासून टाटांच्या वीज कंपनीने महसीरची पैदास करून या माशाचे ज्ञान वाढविले, हे मोठेच काम झाले. परंतु दख्खनची महसीर कावेरीत सोडली गेली, तेव्हा तेथली मूळची पाठीवर कुबड असलेली महसीर मागे पडत गेली. ती आता अतिसंकटग्रस्त जातींत मोजली जाते. हेतू चांगला होता, पण ज्या नदीची जी प्रत, ती त्या नदीतच राखावी, हे भान तेव्हा पुरेसे नव्हते.

यावर कोणी म्हणेल, निसर्गानेही दोन जातींचा संकर करूनच सायप्रिनस घडविला ना? मग माणसाने केला तर काय बिघडले? फरक असा की, निसर्गाच्या त्या प्रयोगात मूळ दोन्ही वंश आपापल्या पाण्यात शिल्लक राहू शकत होते. प्रयोग फसला असता तर नुकसान त्या एका पिल्लाचे होते. माणूस मात्र एका ट्रकभर बीजाने संपूर्ण नदीतील मूळ प्रतच पुसू शकतो. ओनो यांच्या सिद्धान्ताचा गाभा जुन्याला हात न लावता नवे करून पाहण्यात आहे. जुने मोडून केलेले नवे या हिशेबात कोठेच बसत नाही.

तात्पर्य, द्विगुणनाची ही सारी कथा कोणा भव्य योजनेची नाही. ती एका चुकीची कथा आहे. गुणसूत्रांची वाटणी व्हायची राहिली आणि घरात सगळेच दोन दोन झाले. त्यातले बहुतेक पुसले गेले, काहींनी काम वाटून घेतले, थोड्यांनी नवा धंदा धरला. त्या वंशाच्या आज तीस हजारांहून अधिक जाती झाल्या, याला केवळ दुप्पट होणेच कारण आहे असे म्हणता येणार नाही. गारच्या वाट्याला ती दुप्पट आली नाही तरी तोही आजवर तगला आहे. इतके मात्र खरे की, जिथे दुसरी प्रत होती तिथेच जुने काम न अडता नवे काम शिकता आले.

मागशाळेतल्या त्या मुलाने फळीवरची माळ झटकून पुन्हा जागच्या जागी ठेवली असेल. उद्या नवी नक्षी हवी झाली तर आप्पा तिच्यातच दोन भोके बुजवतील, दोन नवी पाडतील आणि मागावरची जुनी माळ आपली फिरतच राहील. तापीच्या, काळ नदीच्या आणि कावेरीच्या पाण्यात अशा किती माळा अजून फळीवर आहेत, त्यांची मोजदाद आता कोठे सुरू झाली आहे. ती पुरी होईपर्यंत त्यांतली एकही टाकून न देणे, एवढे तर आपल्या हाती आहे.